वास रस्त्याला, दोष मला

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी गवत नाही. मी कोथिंबीर नाही, आणि शेपू तर मुळीच नाही. शेपू माझा लांबचा नातेवाईक आहे आणि त्याच्याशी माझे काही वाकडे नाही. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण माझे पान चुरगाळतो, नाकाशी नेतो आणि "शेपू दिसतोय" असे म्हणून पुढे जातो, तेव्हा माझ्या मुळापर्यंत तिडीक जाते. मी बडीशेप आहे, आणि चांगली जुनी आहे. माझ्यासमोर या अंगणाच्या भिंतीला कितीदा तरी चुना लागला आणि कितीदा तरी त्याचे पोपडे गळून पडले. मी मात्र जागची हललेली नाही.

मी उभी आहे ती एका खानावळीच्या मागच्या अंगणात. माझ्या डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्यामुळे आतले सगळे मला दिसते आणि ऐकूही येते. फक्त बोलता येत नाही. बोलता आले असते, तर आज जी गोष्ट मी एवढी चिडून सांगते आहे, ती घडलीच नसती.

माझा जन्म आत्याच्या बोटाने झाला. ही आत्या म्हणजे खानावळीची मालकीण. खरे तर ती आत्या एकट्या तिच्या भाच्याची; पण जेवायला येणारा टेलर तिला आत्या म्हणे, पोस्टमन म्हणे, टेलरचे म्हातारे वडीलही म्हणत. भिंतीजवळचा हा कोपरा दिवसभर उन्हात असतो, म्हणून तिने तोच निवडला. मातीत बोट खुपसून भोक पाडले, त्यात चिमूटभर बी टाकले आणि वर सैल माती लोटली. शेजारीण म्हणाली होती, "आधी कुंडीत लाव, मोठी झाली की हलव." आत्याने मानेनेच नकार दिला. "हिचं मूळ सरळ खाली जातं. एकदा जागा दिली की हलवायची नाही. रुसते ती." हे अगदी खरे आहे. आम्हा बडीशेपांना उठवाउठवी खपत नाही.

उगवले तेव्हा मी केसाएवढी होते. चिमण्यांनी टिपू नये म्हणून आत्या माझ्यावर टोपली पालथी घालून ठेवी. एकत्र उगवलेल्या आम्हा भावंडांमधली सर्वांत धट्टीकट्टी मी; मला ठेवून बाकीची तिने उपटली आणि आमटीत टाकली. मला वाईट वाटले, पण दाटीवाटीत आम्ही कोणीच धड वाढलो नसतो. पाणी घालण्याआधी ती बोट मातीत घालून बघायची. बोट कोरडे निघाले तरच पाणी. "पाय सतत ओले राहिले की माणूसही आजारी पडतं," असे ती म्हणे.

पुढच्या वर्षी मी माणसाच्या उंचीएवढी झाले. पिसांसारखी मऊ पाने, त्यांच्यावर पिवळ्या फुलांच्या छत्र्या आणि छत्र्यांवर दिवसभर मधमाश्या. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचे सुरवंटही यायचे आणि माझी पाने कुरतडायचे. आत्या त्यांना हात लावत नसे. "खाऊ देत. खानावळच आहे ही!" असे म्हणून हसायची. मला तेव्हा त्याचा थोडा राग यायचा. आता वाटते, सुरवंट परवडले. ते निदान जे खातात ते पोटात तरी घालतात.

माझ्या सगळ्या छत्र्या एकाच दिवशी तयार होत नाहीत. मधली आधी भरते, कडेच्या मागून. म्हणून आत्या रोज सकाळी कात्री घेऊन यायची, दाणे भरलेली पण अजून हिरवी असलेली छत्री शोधायची आणि तेवढीच कापायची. मग सावलीत, कापडावर दाणे वाळत पडायचे. उन्हात कधीच नाही. कोवळी पाने उकडलेल्या बटाट्यांवर जायची, दांडे माशांच्या रश्श्यात जायचे. हंगाम संपला की ती मला जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायची, आणि थोड्या दिवसांत मी पुन्हा फुटायचे. माझे काहीही वाया जात नसे.

पण या खानावळीचे खरे नाव झाले होते ते जेवणानंतरच्या कपाने. प्रत्येक गिऱ्हाइकाला उठताना छोट्या कपात बडीशेपेचे गरम पाणी मिळे. ते कसे करायचे, हे मला खिडकीखाली उभे राहून पाठ झाले आहे. दाणे खलात घालून हलक्या हाताने ठेचायचे. फुटले पाहिजेत, पण पीठ होता कामा नये. पाणी खळखळ उकळले की पातेले खाली उतरवायचे. त्यात दाणे टाकायचे आणि त्याच क्षणी वर झाकण ठेवायचे. जाड पितळी झाकण, मधोमध मूठ, पातेल्यावर असे चपखल बसणारे की वाफेला निसटायला फट मिळू नये. नंतर त्याला कोणी हात लावायचा नाही.

टेलरमास्तरांना दम निघत नसे. पोटावर हात फिरवत ते ओरडायचे, "आत्या, झालं का? पोट डब्ब झालंय!"

"दम धरा, मास्तर. आता उचललं तर कपात नुसतं पाणी येईल."

वेळ झाली की ती झाकण सरळ वर उचलायची, पातेल्यावरच तिरके करायची आणि कडेवर टकटक आपटायची. झाकणाच्या आत जमलेले थेंब परत पातेल्यात पडायचे. "हे थेंब म्हणजे तिचा जीव," असे ती प्रत्येक वेळी म्हणायची. ती टकटक ऐकली की जेवणाऱ्यांच्या माना वर व्हायच्या. जाताना लोक अंगणात डोकावून मला बघून जात. टेलरमास्तर तर एकदा मला नमस्कार करून गेले. त्या काळात मी किती ताठ उभी असेन, याची तुम्ही कल्पना करा.

मग आत्याचे गुडघे गेले. चुलीपाशी तासन्‌तास उभे राहणे तिला जमेना. तिने भाच्याला आणि भाचेसुनेला बोलावून घेतले, खानावळ त्यांच्या हाती दिली आणि स्वतः आतल्या खोलीत पलंगावर बसू लागली; त्या खोलीची खिडकीही माझ्याच अंगणात उघडते. तरी स्वयंपाकघर तिच्या जिभेवरच चालत होते. भाचेसून प्रत्येक पदार्थ चमच्यात घेऊन तिच्याकडे जायची. "आत्या, बघा बरं." आत्या चाखायची आणि सांगायची, "मीठ किंचित कमी आहे," नाहीतर "आता हात लावू नकोस, झालंय." दिवसातून कितीतरी वेळा अशी चमच्याची ये-जा चाले, आणि त्यामुळे आत्या पलंगावर बसूनही मालकीणच होती.

भाचा माणूस वाईट नव्हता. हे मी रागातही कबूल करते. पहाटे उठायचा, भांडी स्वतः घासायचा, आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळायचा. पण त्याच्या डोक्यात एक खूळ शिरले. एकदा तो भाजी घेऊन परत येत होता, तेव्हा नेमके आतमध्ये झाकण उचलले गेले होते आणि माझा वास रस्त्यावर पोचला होता. दोन माणसे चालता चालता थांबली आणि हवेत नाक वर करून उभी राहिली. हे भाच्याने पाहिले, आणि तो धावतच घरात आला.

"अगं, एवढा वास आपण झाकून ठेवतो!" तो बायकोला म्हणाला. "हा रस्त्यावर सोडला तर माणसं नाकाच्या मागे चालत येतील. फुकटची जाहिरात!"

दुसऱ्या दिवसापासून पातेले रस्त्याकडच्या दारात गेले. सकाळी शेगडीवर चढायचे ते संध्याकाळपर्यंत उघडेच उकळत राहायचे. आत्याला त्याने हे सांगितले नाही. तिला पुढच्या दारापर्यंत चालवत नव्हते, आणि उगाच तिच्या डोक्याला त्रास कशाला, असे त्याला वाटले.

आणि झाकण? ते ओट्यावर लोळत पडले. भाचेसून टापटिपीची. तिने अंगणात एका कुंडीत मोठी लाल फुले लावली होती, आणि कुंडीतून पाणी झिरपून पायरी चिखलाने भरत होती. "नाहीतरी पडूनच आहे," असे म्हणत तिने झाकण उलटे केले, त्याची मूठ मातीत रुतवली आणि वर कुंडी ठेवली. कुठे, माहीत आहे? माझ्या पायाशी. वाकले असते तर माझी पाने त्याला टेकली असती.

मित्रांनो, वारा फिरला की माझाच वास घरावरून वळून मागे माझ्याकडे यायचा. दिवसभर यायचा. जे कपात असायला हवे होते, ते छपरावरून, तारांवरून, समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावरून उडत चालले होते. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा माझ्या गुणाने तृप्त होत होती. आणि आतमध्ये जेवून उठलेल्या माणसाला मिळत होता कडवट, तपकिरी चोथ्याचा रस.

लोक खरेच वासामागे येऊ लागले. पण कप तोंडाला लावला की त्यांचा चेहरा पडायचा. "वास एवढा आणि चव ही?" भाच्याने मग दाणे वाढवले. माझ्या सगळ्या छत्र्या एकदमच कापल्या, कोवळ्या, पिकल्या, जशा हाताला लागतील तशा, आणि पत्र्यावर कडक उन्हात वाळवल्या. दाणे वाळल्या गवताच्या रंगाचे झाले. कप आणखी कडवट झाला.

टेलरमास्तरांनी एके दिवशी अर्धा कप तसाच ठेवला. जाताना अंगणात डोकावले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पूर्वीची बडीशेप राहिली नाही आता."

पूर्वीची बडीशेप राहिली नाही! अहो मास्तर, मी तीच! तेच मूळ, तीच माती, तीच भिंत! ज्या बडीशेपेला तुम्ही हात जोडले होते, तिलाच आज नावे ठेवता? नाचता येईना अंगण वाकडे, हे मी आजवर ऐकून होते. पण इथे तर अंगणातल्या झाडालाच वाकडे ठरवले गेले. मी पाने सळसळवली. त्यांना वाटले वारा सुटला, आणि ते हातातली छत्री सावरत निघून गेले.

तरीही मी हे सगळे गिळले असते. पण आतल्या खोलीत जे घडले, ते मला आजही सहन होत नाही.

भाचेसून आत्यालाही रोज तोच कप नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी आत्या एक घोट घेऊन थबकली. "आज पाणी जास्त झालं का गं?"

"नाही हो, आत्या. दाणे नेहमीएवढेच घातलेत. आणि वास बघा ना, कसा घरभर सुटलाय!"

आत्याने वास घेतला. वास होताच. घरभर होता. तिने पुन्हा घोट घेतला. चव नव्हती. त्या हंगामात तिला ताप येऊन गेला होता. तिने कप खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. नाक सांगते आहे, बडीशेप आहे. जीभ सांगते आहे, नाही. मग चूक कोणाची? बिचारीने आपल्याच जिभेला दोषी ठरवले.

दुसऱ्या दिवशी भाचेसून आमटीचा चमचा घेऊन गेली, तेव्हा आत्या म्हणाली, "मला नको विचारत जाऊस आता."

"का हो? मीठ बरोबर नाही वाटत?"

"बरोबर वाटतंय. पण माझ्या वाटण्याचा काय भरवसा? बडीशेपेची चव मला कळेनाशी झालीय. म्हणजे जीभ गेली. वय झालं की जायचंच एकेक."

भाचेसून "असं नका हो बोलू" असे म्हणाली, पण परत आली आणि मीठ स्वतःच्या अंदाजाने घातले. मग चमच्याची ये-जा थांबली. आत्या खिडकीशी येईनाशी झाली. जिने आयुष्यभर एका अख्ख्या रस्त्याला जेवू घातले, ती बाई भिंतीकडे तोंड करून निजू लागली. कशामुळे? तर एक झाकण कुंडीखाली चिखलात पडले होते म्हणून. मी चिडू नको तर काय करू?

आणि हे पुरेसे नव्हते म्हणून की काय, एका दुपारी भाचा अंगणात आला आणि पावलांनी माझा कोपरा मोजू लागला.

"ही उपटून टाकू," तो बायकोला म्हणाला. "म्हातारी झालीय, हिच्यात दम राहिला नाही. इथे ऊन छान येतं, दोन टेबलं बसतील. बडीशेपेची पूड मिळते दुकानात. पुडी फोडली, कपात टाकली, काम झालं."

"आत्यांना विचारलंत का?"

"आत्याच म्हणते ना, चव लागत नाही म्हणून!"

ऐकलेत, मित्रांनो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आत्याला वाटले जीभ गेली. भाच्याला वाटले बडीशेप गेली. तिच्या बोलण्यावरून माझा निकाल लागला, आणि माझ्या कपावरून तिचा. खरे तर गेले होते ते झाकण, आणि तेही फार लांब गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाचा कुदळ घेऊन आला. आधी आत जाऊन आत्याला सांगून आला; तेवढी माणुसकी त्याच्यात होती. आत्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, "मला एकदा बाहेर ने."

त्याने तिला धरून आणले आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसवले. किती दिवसांनी मी तिला इतक्या जवळून पाहत होते! ती वाळली होती. तिने माझ्या दांड्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तुझं आणि माझं एकदमच आटोपलं बघ."

भाच्याने तोंड फिरवले आणि कुदळ हाणली. पहिला घाव माझ्या डाव्या बाजूला बसला. एक जाड मूळ तुटले. मित्रांनो, आम्ही झाडे ओरडत नाही, म्हणून आम्हाला दुखत नसेल असे समजू नका.

खाली पानांच्या आड एक छत्री होती. भाच्याच्या कात्रीतून ती चुकून वाचली होती, आणि तिचे दाणे भरलेले होते, हिरवे होते. आत्याचा हात सवयीने तिथेच गेला. तिने एक दाणा खुडला, दातांखाली धरला आणि चावला.

तिचे डोळे मोठे झाले. तिने दुसरा दाणा चावला. मग तिसरा.

"थांब!" ती अशी ओरडली की भाच्याची वर गेलेली कुदळ वरच राहिली. "जीभ आहे! अरे, माझी जीभ आहे जागेवर!"

"आत्या, काय झालं?"

"हा घे. चाव. कशी लागते?"

भाचा चावू लागला. "गोड आहे. स्वादही चांगलाच जोरदार आहे की!"

"मग कपात का नाही लागत? बडीशेप चांगली आहे. जीभ चांगली आहे. मग मधे गेली कुठे?" ती आता स्टुलावर ताठ बसली होती. "पातेलं कुठे असतं तुझं?"

"दारात. म्हणजे... वास रस्त्यावर जावा म्हणून. माणसं येतात ना वासाने."

"आणि झाकण?"

भाचेसुनेचे डोळे हळूच लाल फुलांच्या कुंडीकडे वळले. तिने कुंडी ढकलली. खाली झाकण होते. चिखलाने माखलेले, कडेला हिरवा गंज चढलेले आणि मधे एक गोगलगाय चिकटलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आत्याचा राग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "रस्त्याला पाजलंस होय रे? हिचा सगळा जीव उचलून रस्त्याला पाजलास आणि जेवणाऱ्यांना चोथा दिलास? आणि मी, मी खुळी माझ्याच जिभेला बोल लावत बसले! रोज सकाळी उठून दात घासताना जिभेला शिव्या दिल्या मी!"

"आत्या, मला वाटलं, वास आला म्हणजे ती पाण्यात उतरली."

"वास आला म्हणजे ती निघाली, बाळा! वास म्हणजे तिचं घर सोडून जाणं. म्हणून तर दार लावायचं असतं!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! माझ्या मनातला एकेक शब्द तिच्या तोंडून बाहेर पडत होता. ती बोलत होती आणि मी तुटक्या मुळाने तशीच उभी होते.

भाचेसुनेने झाकण राखेने घासघासून लख्ख केले. घासताना ती रडत होती, पण हात थांबले नाहीत. भाच्याने पातेले दारातून आत आणले. त्या छत्रीतले उरलेले दाणे ठेचले गेले, उकळत्या पाण्यात पडले आणि वर झाकण बसले. आत्या चुलीशेजारी स्टुलावर बसून राहिली आणि तिने कोणाला जवळ येऊ दिले नाही. मग तिने झाकण उचलले, तिरके केले आणि कडेवर आपटले. टकटक.

दारावरून जाणारे टेलरमास्तर ती टकटक ऐकून थांबले. आत येऊन म्हणाले, "आज रस्त्यावर वास नाही आला तो?"

"नाही येणार," आत्या म्हणाली आणि त्यांच्या हातात कप दिला.

मास्तरांनी घोट घेतला. कप संपवला आणि पुन्हा पुढे केला. त्यांच्यामागे भाचेसून चमच्यात आमटी घेऊन उभी होती. "आत्या, बघा बरं."

आत्याने चाखली. "मीठ जास्त आहे. कधीपासून जास्त घालतेस?"

मित्रांनो, मी अजून या कोपऱ्यात उभी आहे. टेबलांसाठी भाच्याने दुसरी जागा पाहिली. तो आता पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघतो, आणि माझ्याकडे बघताना थोडा खजील होतो. माझी डावी बाजू काही पुन्हा फुटली नाही. तिथे नुसता सुका बुंधा आहे, आणि लोक विचारतात, "इथे काय झालं?" म्हणून माझा राग पुरता गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

तुमच्या घरीही एखादे झाड असेल, एखादे औषध, एखादे यंत्र, एखादे म्हातारे माणूस असेल. कोणी म्हणेल, "याच्यात आता दम राहिला नाही." कोणी बिचारे स्वतःच म्हणेल, "माझं वय झालं." तेव्हा लगेच मान डोलवू नका. कुदळ तर मुळीच उचलू नका.

आधी झाकण शोधा.